बेचाळीस हजारांचा कॉम्प्युटर आणि आजीचा प्रश्न

गेल्या पालकसभेनंतर दोघा-तिघा पालकांनी गाठून विचारलं, "मॅडम, तुमच्या मुलानं म्हणे कॉम्प्युटर स्वतः जोडलाय. किती खर्च आला? आमचा पण मागे लागलाय." उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. हिशेब तर देतेच, पण या सगळ्यात माझी एक चूक झाली, तीही सांगते.

माझ्या सासऱ्यांनी नातवाच्या नावानं पोस्टात आवर्ती ठेव उघडली होती. महिन्याला ६०० रुपये, पाच वर्षं. ते मध्येच गेले. पुढचे हप्ते सासूबाईंनी आपल्या पेन्शनमधून भरले, एकही चुकवला नाही. मुलगा दहावी झाला तेव्हा ठेव पुरी झाली आणि व्याजासकट साधारण ४२ हजार हातात आले. "पोराच्या शिक्षणाला" असं सासरे म्हणायचे. आणि पोराला हवा होता गेमिंगचा कॉम्प्युटर.

मी त्याला शिकवून ठेवलं, "आजीला सांग, अकरावी सायन्सला लागतो. कोडिंग शिकायचंय म्हण." आपण पालक हे किती सहज करतो! वर्गात खरं बोलायचं शिकवणारी मीच, घरी पोराला पाठ करून घेत होते.

संध्याकाळी आजी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. हा शेजारी जाऊन बसला, चार शेंगा फोडल्या आणि म्हणाला, "आजी, अभ्यासाला फोन पण चालतो. मला कॉम्प्युटर गेम खेळायला पाहिजे. अभ्यास पण करीन त्याच्यावर, पण घ्यायचाय गेमसाठी." आत माझा भाकरी थापणारा हात थांबला. वाटलं, आता सगळं मुसळ केरात.

आजी थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "तुझे आजोबा पत्ते खेळायला बसले की जेवण विसरायचे. काय काय लागतंय त्याची यादी आण."

यादी त्याच्याकडे तयारच होती, वहीच्या मागच्या पानावर. गणितात पोरगा बेताचाच, पण इथे आठ दुकानांचे भाव, तारखा, बेरजा, सगळं टापटीप. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तयार कॉम्प्युटर घेण्याऐवजी सुटे भाग घेऊन जोडता येतो. गणित करणारा प्रोसेसर, सगळं ज्यावर बसतं तो मदरबोर्ड, रॅम, साठवणीसाठी एसएसडी, वीज देणारा एसएमएस, चुकले, एसएमपीएस (मला अजून नीट म्हणता येत नाही), वरचा डबा म्हणजे कॅबिनेट, आणि पडदा. गेमसाठी यात भर पडते ग्राफिक्स कार्डाची. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा नव्यानं रंगवायचं काम ते करतं. आणि तेच सगळ्यात महाग.

त्याची पहिली यादी गेली ५९ हजारांच्या घरात. त्यात नुसतं ग्राफिक्स कार्ड, आरएक्स ६६००, साडेएकवीस हजारांचं. सतरा हजार कमी. माझ्याकडून थोडे घाल असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. घराचा हप्ता त्यालाही माहीत आहे.

आजींनी यादीतल्या एकेका ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली. "हे आत्ता नाही घेतलं तर अडतं का? मागनं घालता येतं का?" प्रोसेसर? अडतं. बोर्ड? अडतं. रॅम? थोडी आत्ता, थोडी नंतर असं चालतं. रंगीत दिव्यांचे पंखे? "ते कशाला?" तिथेच काट बसली. ग्राफिक्स कार्ड? इथे तो अडखळला. "मागनं घालता येतं," म्हणाला, पण तोंड उतरलं.

कार्डाशिवाय पडद्यावर चित्र कसं येणार, असं मी विचारलं तेव्हा त्यानं मला अक्षरं समजावली. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी अक्षर असतं. इंटेलच्या आय-थ्री १२१००एफ मधल्या 'एफ'चा अर्थ, आत ग्राफिक्स नाही, कार्ड नसेल तर पडदा काळा. रायझन ५ ५६००जी मधल्या 'जी'चा अर्थ, आत थोडं ग्राफिक्स आहे, कार्डाशिवाय चालतो. दुकानात 'एफ'वाला स्वस्त दिसतो म्हणून घेऊन येणारे आणि घरी काळा पडदा बघत बसणारे असतात म्हणे. एवढं एक अक्षर वाचून घ्या, पालकांनो.

मग त्यानं दुसरी यादी केली. खरं सांगायचं तर ती मोहात पाडणारी होती. आय-थ्री १२१००एफ, त्याचा बोर्ड, आणि कोणाकडून तरी वापरलेलं आरएक्स ५८० कार्ड, सहा हजारांत. एकूण ४१ हजार. गेम यावर ५६००जी पेक्षा नक्कीच चांगले चालले असते, यात वाद नाही. पण ते कार्ड २०१७ सालचं मॉडेल. इथेरियम नावाचं आभासी चलन सप्टेंबर २०२२ पर्यंत अशा कार्डांवर 'खणलं' जायचं. ती पद्धत बंद झाल्यावर दिवसरात्र तापलेली हजारो कार्डं जुन्या बाजारात आली. आम्हाला मिळणारं त्यातलं होतं की नव्हतं, कळायला मार्ग नाही. बिल नाही, वॉरंटी नाही.

"आणि ते बंद पडलं तर?" आजी.

"तर पडदा काळा."

"म्हणजे सगळंच बंद."

तो गप्प बसला. रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीत दिवा होता. सकाळी वहीत दुसऱ्या यादीवर त्यानं स्वतःच रेघ मारली होती. मला वाईट वाटलं, कारण आठवीपासून तो ज्या गेमची स्वप्नं बघत होता, ते नव्या मोठमोठ्या जगांचे गेम त्या एका रेघेनं लांब गेले. ५६००जी वर व्हॅलोरंट छान चालतो, जीटीए ५ सेटिंग उतरवून चालतो. त्याच्या पुढचं फारसं नाही.

आता माझी कंजुषी. एसएमपीएसचे ३,९०० रुपये मला डोळ्यात खुपत होते. कॅबिनेटसोबतच बसवलेला मिळतो, सात-आठशेत काम होतं, आणि त्यावर '४५० वॅट' असं लिहिलेलं पण असतं. वीज ती वीज! तेव्हा मुलानं मला माझ्याच शाळेची आठवण करून दिली. आमच्या कॉम्प्युटर खोलीत एकदा लाईट जाऊन आल्यावर फट् आवाज झाला होता. स्वस्तातला एसएमपीएस जळाला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. "आई, ते मशीन अजून कोपऱ्यात पडलंय की नाही?" पडलंय.

वॅटचं गणितही त्यानं मांडलं. प्रोसेसर ६५ वॅटचा, पुढे आरएक्स ६६०० घातलं तर त्याचे १३२, बाकीचं किरकोळ. म्हणजे ५५० वॅट भरपूर, ७५०ची गरज नाही. '८० प्लस ब्रॉन्झ' या शिक्क्याचा अर्थ, निम्म्या भाराला किमान ८५ टक्के वीज कामाला येते. आतल्या भागांना २०० वॅट लागत असतील तर भिंतीतून साधारण २३५ ओढले जातात. पण तो शिक्का फक्त बचतीचा आहे, सुरक्षिततेचा नाही. म्हणून शिक्का बघून थांबायचं नाही, कंपनी आणि वॉरंटीची वर्षंही बघायची. आजींना हे सगळं ऐकवल्यावर त्या म्हणाल्या, "त्यात काटकसर करू नका." विषय संपला.

खरेदीला मुंबईला गेलो. माझा भाऊ डोंबिवलीला राहतो. मामा-भाचे आणि मी, सकाळी लोकलनं दादर, गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण विचारलं तर कोणी लॅमिंग्टनच सांगतं. एवढ्याशा गाळ्यांत छतापर्यंत खोकी. पहिल्याच दुकानात दादांनी भाव सांगितले आणि हळूच विचारलं, "ताई, बिल पाहिजे का? बिनबिलाचं थोडं कमी करतो." क्षणभर मन डळमळलं, हे कबूल करते. पण बिल नसेल तर तीन वर्षांची वॉरंटी मागायची कुणाकडे? पुढच्या दुकानात पक्कं बिल घेतलं.

तिथे रॅमवरून वाद झाला. दुकानदार म्हणे, १६ जीबीची एकच पट्टी घ्या, पुढे दुसरी घालता येईल. सल्ला चुकीचा नव्हता, आजींच्या नियमातही बसणारा होता. पण पोरगा ८-८ च्या दोन पट्ट्यांवर अडून बसला. कारण असं, की ५६००जीला स्वतःची वेगळी ग्राफिक्सची मेमरी नसते, ती रॅममधूनच घेते. ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, दोन असल्या की ५१.२. पैसे जवळपास तेच, रस्ता दुप्पट रुंद. दुकानदार हसून म्हणाला, "घ्या, पोराला माहितीये." भावानं माझ्याकडे बघितलं. मी उगाच खोक्यावरचं वाचत बसले.

बोर्डाच्या खोक्यावर 'रायझन ५०००' चालेल असा शिक्का आहे ना, हेही त्यानं तपासून घेतलं. बी४५० बोर्ड या प्रोसेसरच्या आधीचा आहे, आतला प्रोग्राम जुना असला तर तो प्रोसेसरला ओळखतच नाही.

शेवटचा हिशेब असा झाला. प्रोसेसर ११,६००, त्यासोबत पंखा फुकट. बोर्ड ५,९००. रॅम ३,३००. ५०० जीबी एसएसडी २,९००. एसएमपीएस ३,९००. कॅबिनेट २,६००. पडदा ७,४००, कीबोर्ड-माऊस ९००. एकूण ३८,५००. विंडोजचं लायसन्स मामाकडे होतं, त्याच्या मोडीत काढलेल्या मशीनचं, खोक्यासकट विकत घेतलेलं, ते इकडे आलं. गावी आल्यावर २,९०० चा यूपीएस घेतला. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कशी जाते-येते ते शहरातल्यांना सांगून कळणार नाही. उरले ६००.

जोडायला एक अख्खी रात्र गेली. पाठीमागची पत्र्याची पट्टी लावायची विसरला, बोर्ड परत काढला. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा. त्याच्या कपाळावर घाम. मी तर ४२ हजार गेले असं धरूनच चालले. त्यानं बंद करून, पिन काढून, रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा दाबल्या. या खेपेला टक् असा आवाज आला. पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि आजी जाग्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मीच तक्रार काढली. "५०० जीबी म्हणून घेतला, इथे ४६५ दाखवतंय. फसवलं!" तो म्हणाला, "आई, घातांक तूच शिकवतेस ना?" कंपनी १ जीबी म्हणजे १०चा नववा घात धरते, विंडोज १०२४चा घन. ५०० अब्ज भागिले १०२४ चा घन, उत्तर ४६५.६६. मी कागदावर दोनदा करून बघितलं. बरोबर. रॅम १६ऐवजी १३.९ का दाखवतात ते मात्र त्यानं न विचारताच सांगितलं, दोनेक जीबी ग्राफिक्ससाठी बाजूला काढलेत म्हणून. हे ४६५चं उदाहरण मी आठवीच्या वर्गात वापरलं. ज्यांच्या घरी पेनड्राइव्ह होता त्या सगळ्यांनी घरी जाऊन तपासलं.

खेळण्याची वेळ आजी आणि त्यानं मिळून ठरवली आहे. मी त्यात पडले नाही. कधीकधी पाळली जात नाही, मग त्यांचं त्यांचं भांडण होतं.

उरलेले ६०० रुपये आजींनी त्यालाच दिले. वहीत नवं पान आहे, वर 'आरएक्स ६६००', खाली पहिली नोंद ६००. दर रविवारी तो त्या दिवसाचा भाव शेजारी लिहितो. परवा आजी शेंगा फोडता फोडता विचारत होत्या, "काय रे, उतरला का?"