आजीलाही जमेल अशी सहल

"तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते," असं आजी म्हणाली की समजावं, सहलीचं ठिकाण चुकलंय. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे हेच झालं. मुलांना मांडू हवं होतं, बाबांना ओंकारेश्वर. इंदूरहून दोन्हीकडे एका दिवसात जाऊन येता येतं. पण मांडूचे महाल दूर दूर पसरलेले. रूपमती मंडपाचा चढ आजीच्या गुडघ्यांना झेपणारा नाही. ओंकारेश्वरला पायऱ्या आणि सुट्टीतली गर्दी.

शेवटी महेश्वर ठरलं, सुमारे ९० किलोमीटर. पोहे-जिलेबी खाऊन सकाळीच निघालो. गाडी थेट किल्ल्याच्या दाराशी नेली. त्यामुळे राजवाडा, अहिल्यादेवींची साधी गादी आणि देवघर आजीने निवांत पाहिलं. १७९५ मध्ये देवींनी देह ठेवला तो महेश्वरातच, हे नातवंडांना तिनेच सांगितलं. हातमागावर महेश्वरी साडी विणताना पाहत ती तासभर बसली. घाट मात्र ती पूर्ण उतरली नाही. वरच्या पायरीवर सावलीत बसली आणि मुलं नावेतून नर्मदेतल्या बाणेश्वराला जाऊन येईपर्यंत हात हलवत राहिली.

बेत आखताना चार गोष्टी आधी विचारा: गाडी कुठवर जाते? पायऱ्या किती? बसायला सावली आहे का? स्वच्छतागृह जवळ आहे का? मुलं कुठेही रमतात; ठिकाण आजीच्या पायांनी ठरवावं.

परतताना आजीनेच विचारलं, "आता पुढची सहल कुठे?"