गारगोटीचा भाव

माणसानं आयुष्यात एकदा तरी स्वयंपाकघराचा ओटा नवा करायला काढावा. आपल्याला किती सल्लागार आहेत हे त्याशिवाय कळत नाही. मुलीचं लग्न ठरवताना नातेवाईक थोडं जपून बोलतात. ओट्याच्या बाबतीत कुणी भीड ठेवत नाही. चिखलीच्या आमच्या शाखेत मी हा विषय काढला मात्र, कॅशियरपासून शिपायापर्यंत सगळे दगडांवर बोलू लागले. पैसे काढायला आलेल्या एका ग्राहकानं तर स्लिप बाजूला ठेवून मला कडप्प्याचे तोटे सांगितले.

कडप्पा आमच्या घरात वीस वर्षं होता. ओट्याच्या आणि फरशीच्या दगडांची नावं म्हणजे रेल्वेचं वेळापत्रकच! शहाबादी कर्नाटकातल्या शहाबादची, कडप्पा आंध्रातला, कोटा राजस्थानातला. आणि आम्ही बुलढाणेकर राहतो कुठे? तर सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर. जिकडे पाहावं तिकडे काळा पाषाण. लोणारला तर आभाळातून एक पाहुणा येऊन या पाषाणात पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा पाडून गेला. एवढी श्रीमंती असून ओट्याला मात्र परमुलखाचा दगड! घरच्या पाषाणाच्या नशिबी जातं, पाटा नाहीतर रस्त्याची खडी.

तर आम्ही उभयता खामगावच्या एका दुकानात गेलो. विक्रेता तरुण होता.

"सर, आजकाल सगळे क्वार्ट्झच घेतात."

क्वार्ट्झ म्हणजे मनगटी घड्याळ, एवढीच माझी विद्या. त्यानं पांढराशुभ्र, करड्या शिरांचा तुकडा पुढे केला. "हा कलकत्ता."

"कलकत्त्याला दगड कुठला?" मी म्हणालो. कॉमर्सचा असलो तरी भूगोल अगदीच कच्चा नाही.

"कॅलाकाट्टा, सर. इटालियन."

म्हणजे इटलीतल्या संगमरवराचं नाव, आणि त्याची नक्कल करणारा हा कारखान्यातला दगड. घरी येऊन मुलाच्या मोबाइलवर चौकशी केली, तेव्हा खरी गंमत कळली. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी! लहानपणी अंधारात एकमेकींवर घासून उजेड पाडायचो तीच. नांगरताना शेतकरी जिला शिव्या देत बांधावर फेकतो तीच. तिचा चुरा घ्यायचा, शेकडा नव्वदच्या आसपास. त्यात रेझिन आणि रंग कालवायचा, दाबायचं आणि तापवून घट्ट करायचं. ही पाककृती इटलीतल्या ब्रेतोन कंपनीनं १९७० च्या दशकात बसवली. आम्हां बँकेच्या कारकुनांनाही हल्ली इंग्रजीत असोसिएट म्हणतात. पण कारकुनाचं नाव बदललं म्हणून त्याचा भाव वाढत नाही; गारगोटीचा वाढतो.

हिनं दुकानातून एक तुकडा मागून आणला होता. त्याचं तिनं जे ऑडिट केलं, तसं आमच्या शाखेचं झालं तर निम्मे लोक रजेवर जातील. आधी लिंबू पिळलं. ढिम्म. तेल ओतलं. दगडानं प्यायलं नाही. (ग्रॅनाइट थोडं पितं, हे तिनं शेजारी पाहिलेलं.) रात्रभर हळद ठेवली, घासल्यावर बरीचशी निघाली. मी मनातल्या मनात पीएफच्या कर्जाचा अर्ज लिहायला घेतला. मग तिनं भाकरीचा तवा चुलीवरून उचलला आणि सरळ त्यावर ठेवला. तवा उचलला तेव्हा कलकत्त्यावर पिवळट चंद्र उगवला होता. रेझिन ते, त्याला तवा सोसत नाही. विक्रेता फोनवर म्हणाला, खाली जाळी ठेवायची.

"भाकरी टाकू की जाळी शोधू?" ही म्हणाली. फोन तिनं स्वतःच ठेवला.

तरी माझं मन पांढऱ्यावरच होतं. मापं घ्यायला कारागीर आला. तोंडाला दुपट्टा, बोलताना मध्येच खोकला. हिनं त्याला चहा देत विचारलं, "हा दगड कापता का हो तुम्ही?"

"कापतो ना वहिनी. पन धूळ लय बेकार. पिठावानी उडते, नाकातोंडात जाते."

ती धूळ म्हणजे सिलिका. फुफ्फुसात बसली की निघत नाही. सिलिकोसिस होतो, आणि त्याला बरं करणारं औषध नाही. १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियानं हा कारखान्यातला दगड बंदच केला, तो या कापणाऱ्यांसाठी. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, पण बरीच कमी. मी हे वाचून दाखवलं. ही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन काळं ग्रॅनाइट सांगून आली.

कापायच्या दिवशी ड्रममध्ये जपून साठवलेलं पाणी तिनं बाहेर काढलं आणि स्वतः नळी धरून उभी राहिली. "पाणी असल्याबिगर मशीन चालवायची नाही, भाऊ." अंगणात काळा चिखल झाला. आंघोळी दोन दिवस तांब्यावर आल्या.

गवंडी म्हणाला, ओटा अडीच फुटांचाच असतो. "कोण म्हणतं?" हिनं विचारलं. वीस वर्षं कंबर वाकवून पोळ्या लाटणारी बाई समोर होती; गवंड्यानं मुकाट चार इंच वाढवले. ही खूश. आईची उंची मात्र बेताची, तिला तो आता छातीशी लागतो. तिनं जिन्याखालचा पाटा काढला, बस्कर टाकलं आणि शेंगदाण्याची चटणी वाटायला बसली.

वास्तूला आलेल्या मंडळींनी ओट्यावरून हात फिरवला, "छान आहे" म्हणाले, आणि चटणी पुन्हा मागितली.