ऐकणारं कुणीतरी

मालवणहून जुन्या गोव्याला गेलं की सगळे से कॅथेड्रलच्या सोनेरी वेदीचे फोटो काढतात. मला तिथलं कन्फेशन महत्त्वाचं वाटतं. फादर ऐकतात आणि ते कुणालाही सांगत नाहीत. तसं बंधनच आहे त्यांना.

आपल्याकडे आलोचना आहे, पण गुरूंसमोर; कोकणात मुनींचा विहार क्वचितच. मग उरतं सम्यग्दर्शनाचं स्थितीकरण अंग. डळमळलेल्याला सावरणं हे श्रावकांचंही काम. वारिषेण मुनींची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण नवरा गेलेली बाई अक्षता वाहून मुकाट निघते, आणि बायका विचारतात काय, तर "पेन्शन सुरू झाली का?"

हल्ली अभिषेकानंतर अर्धा तास मी मंदिराच्या ओसरीवर बसते. जिला वाटेल तिने बोलावं. ऐकलेलं घरी ह्यांनाही सांगत नाही.