व्हिएन्ना येथील आमची उमेदवारी

नगररचना व वास्तुशास्त्र ही शास्त्रे केवळ ग्रंथांवरून साध्य होत नाहीत; राहती वस्ती पायांखाली घालावी, तेव्हाच नकाशाचे मर्म कळू लागते. म्हणून या विषयांच्या विद्यार्थ्यांस अनुभवी वास्तुकाराच्या हाताखाली काही महिने उमेदवारी करावी लागते. आम्हां दोघा पुणेकर विद्यार्थ्यांस ही संधी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे मिळाली.

व्हिएन्ना म्हटले की राजवाडे आणि संगीत यांचे स्मरण होते. त्यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत, सबब ती येथे देत नाही. आम्हांस त्या नगरीचे खरे वैभव आढळले ते सामान्य माणसांच्या बिऱ्हाडांत. पहिल्या महायुद्धानंतर घरांची इतकी टंचाई झाली, की नगरपालिकेने ते काम स्वतःच शिरावर घेतले आणि १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधून दिली. त्यांपैकी कार्ल एह्न या वास्तुकाराने रचलेली ‘कार्ल मार्क्स होफ’ ही वसाहत १९३० साली उघडली. लांबी एक किलोमीटरहून अधिक आणि बिऱ्हाडे सुमारे चौदाशे. तरीही जागेच्या पाचव्या हिश्शाहून कमी भागावर बांधकाम, बाकी सारे चौक आणि बागा! सामाईक धुलाईघरे, स्नानगृहे, बालकमंदिरे, ग्रंथालय अशा सोयीही तेथे होत्या. १९३४ च्या यादवीत या भिंतींवर तोफा डागल्या गेल्या. परंतु वसाहत टिकली व आजही नांदती आहे. वाड्याच्या चौकात वाढलेल्या माणसास तेथे परकेपणा वाटत नाही.

याच नगरीत जन्मलेल्या मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या विदुषीने १९२६ साली फ्रँकफर्ट शहरातील नव्या घरांसाठी एक स्वयंपाकघर रचले. गृहिणीची पावले आणि तिचा वेळ मोजून केलेली ती आटोपशीर रचना जगभर गाजली. त्यात श्रम वाचले खरे; परंतु जागा एकाच व्यक्तीपुरती! दोघी जावांनी मिळून पुरणपोळीचा घाट घालावा, असा अवकाश तीत नव्हता. पुढे १९९७ मध्ये व्हिएन्नात स्त्री-वास्तुकारांच्या आराखड्यांवरून ३५७ घरांची एक वसाहत उभी राहिली. तीस या बाईंचेच नाव आहे. मात्र येथे विचार स्वयंपाकघराच्या चार भिंतींपलीकडे गेला. मुलांच्या बाबागाड्या ठेवावयास मजल्यावरच जागा, शेजारणींस घटकाभर बोलत उभे राहता यावे असे रुंद जिने, आवारातच बालकमंदिर आणि दवाखाना.

उद्यानांची गोष्टही अशीच बोधप्रद आहे. नऊ वर्षांपुढील मुली उद्यानांत येईनाशा होतात, असे पाहणीत आढळले. कारण मोकळी जागा चेंडू खेळणारे मुलगे व्यापून टाकीत. तेव्हा काही उद्याने नव्याने आखून पायवाटा वाढविल्या, निरनिराळ्या खेळांस निरनिराळ्या जागा केल्या. आणि मुली परत आल्या. कोणासही हाकलावे लागले नाही.

आमच्या कचेरीतील वरिष्ठ बाई वयस्क होत्या. त्यांनी पहिल्या आठवड्यात आमच्या हाती पेन्सिल दिलीच नाही. एका बाबागाडीत बटाट्यांचे पोते घालून त्या म्हणाल्या, “ही घेऊन बाजारात जा, औषधे आणा आणि परत या, जेथे गाडी उचलावी लागेल, तेथे खूण करा.” सात ठिकाणी उचलावी लागली. त्या सात खुणा हाच आमचा पहिला नकाशा झाला.

याच सुमारास आमच्या सोबत्याच्या घरून, सदाशिव पेठेतील वाड्याच्या पुनर्विकासाचा आराखडा आला. दिवाणखाने ऐसपैस, उद्वाहने दोन, आणि चौकाच्या जागी मोटारी. बाईंनी तो बराच वेळ न्याहाळला आणि एवढेच विचारले, “यात तुमच्या आजी बसणार कोठे?” आजींचे वय ब्याऐंशी. त्यांची भाजी निवडणे, पोथी वाचणे आणि येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस, सारे चौकातल्या पायरीवर चाले. सोबत्याने तोच प्रश्न वडिलांस लिहून कळविला. घरात दोन तट पडले. काकांच्या मते मोटारीची जागा सोडणे म्हणजे नुकसान. काकूंनी मात्र आयुष्यात प्रथमच नकाशा मागून घेतला आणि त्यावर वाळवणाची जागा शोधू लागल्या. हे लिहीपर्यंत सही झालेली नाही.

पुण्यामुंबईत आज अनेक घरांपुढे असे कागद येत असतील. त्यांवर चौरस फुटांची बेरीज ठळक छापलेली असते. ती पुरुषमंडळी तपासतातच. परंतु सही करण्यापूर्वी तो कागद एकवार आजींपुढे, सुनेपुढे आणि शाळकरी मुलीपुढेही ठेवावा. तुझा दिवस यात कसा जाईल, असे प्रत्येकीस विचारावे. त्या जी खूण करतील, ती वास्तुकाराकडून नकाशात उतरवून घेण्यास फारसा खर्च लागत नाही. भिंत उभी राहिल्यावर मात्र तीच गोष्ट फार महाग पडते.