कोलंबोतील वैशाख पौर्णिमा

मे महिना म्हणजे आम्हा मालवणकडच्या माणसांचा गावी जायचा महिना. आंबे, फणस, आणि वाडीतल्या विहारातली बुद्धजयंती. मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी रजा साठवून ठेवतो ती याच दिवसांसाठी. २०२४ साली मात्र आम्ही कुडाळची गाडी धरली नाही. बाबांची फार वर्षांची एक इच्छा होती. १९५० साली परमपूज्य बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत कँडीला गेले होते. ‘तो देश माका एकदा बघूचो आसा,’ असे बाबा नेहमी म्हणत. त्यांनी सारी उमेद मुंबईच्या गोदीत हमाली करण्यात घालवली. आम्ही दोघा भावांनी पैसे जमवले आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाबा पहिल्यांदा विमानात बसले.

तारीख २३ मे, गुरुवार. पहाटे विमान कतुनायकेला उतरले. मुंबईहून कुडाळला जायला रेल्वेत अख्खी रात्र काढावी लागते, आणि इथे अडीच-तीन तासांत परदेश! विमानतळापासून कोलंबो तीसेक किलोमीटर. वाटेत माड, कौलारू घरे, तांबडी माती. बाबा खिडकीतून बघत म्हणाले, ‘अरे, ह्यां तर आपला मालवणच!’

शहर जवळ आले तसे मालवण मागे पडले. उंच उंच इमारती आणि त्यांच्यावरून डोकावणारा कमळाच्या आकाराचा लोटस टॉवर. साडेतीनशे मीटर उंचीचा हा मनोरा २०२२ साली लोकांसाठी खुला झाला. बंदराशेजारी समुद्रात भर घालून नवे शहर वसवण्याचे काम चालू होते. रस्त्यावरच्या तीनचाकी रिक्षा मात्र बहुतेक आपल्या बजाजच्या.

सकाळी लॉजवाल्या बाईंनी न्याहारी वाढली आणि आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. तांदळाच्या वाफवलेल्या बारीक शेवयांची चकती आणि सोबत नारळाच्या दुधाची आमटी. आमचे शिरवाळेच! फरक एवढाच की आम्ही रसात गूळ घालतो, ते तिखट खातात.

वेसाक म्हणजे आपला वैशाख. या सणाला तिथे दोन दिवस सरकारी सुट्टी असते. दारूची आणि मांसाची विक्री बंद. घरांवर, बसगाड्यांवर, दुकानांवर धम्मध्वज. आपल्या विहारांवर फडकणारा हा ध्वज १८८५ साली वेसाकच्याच दिवशी याच कोलंबोत पहिल्यांदा लागला.

दुपारी गंगारामय विहारात गेलो. आयाबाया, म्हातारे, शाळेतली मुले, सगळी पांढऱ्या कपड्यांत. ‘अट सिल’, म्हणजे अष्टशील घेऊन ही माणसे दिवसभर विहारात बसतात. बाबांच्या अंगावरही जयंतीचा पांढरा लेंगा-सदरा होता. सिंहली भाषेचे अक्षर कळत नव्हते. पण भन्तेंनी पालीत त्रिशरण-पंचशील सुरू केले आणि बाबांचा आवाज त्या गर्दीत मिसळून गेला. शेजारच्या आजींनी वळून त्यांच्याकडे पाहिले आणि हसून हात जोडले.

संध्याकाळी बैरा तलावाच्या काठाने कागदी कंदील लागले. चौकाचौकांत ‘तोरण’, म्हणजे हजारो रंगीत दिव्यांची उंच कमान, आणि तिच्यावर चित्रांतून सांगितलेली एखादी जातककथा. आणि रस्त्याच्या कडेला ‘दन्सल’, म्हणजे दानशाला. कुठे भात, कुठे सरबत, कुठे आइस्क्रीम. येईल त्याला फुकट. गल्लीतली मंडळी वर्गणी काढून हे करतात. अन्न स्वच्छ असावे म्हणून आधी आरोग्य निरीक्षकाकडे नोंद करावी लागते.

अशाच एका भाताच्या दन्सलपाशी आम्ही रांगेत उभे राहिलो. मागे वळून पाहतो तो बाबा नाहीत. ते दूर एका झाडाखाली उभे होते. मी जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाले, ‘झिला, आपली पंगत खंय बसतली?’

माझ्या पोटात कालवले. लहानपणी गावजेवणाला सगळा गाव उठल्यावर लांब बांधावर बसून जेवलेला माणूस तो. साठ-सत्तर वर्षे झाली, मुंबई झाली, धम्मदीक्षा झाली. पण अन्नाची रांग दिसली की पाय आपोआप मागे सरतात. तेवढ्यात वाढणारा एक पोरगा आला. त्याने बाबांचा हात धरला, रांगेच्या पुढे नेले आणि दोन्ही हातांनी ताट दिले. नाव विचारले नाही, गाव विचारले नाही.

श्रीलंकेत सगळे सोन्याचे आहे, असे मात्र कोणी समजू नये. तिथेही जाती आहेत. सियाम निकायात आजही बहुतांशी गोविगम या वरच्या जातीच्या मुलांनाच भिक्खू करून घेतात. १९८३ ते २००९ पर्यंत तिथे यादवी युद्ध चालले. तेव्हा धम्माचा देश म्हटला की माणसे आपोआप समतेने वागतात, असे नाही. समता रोज करावी लागते, भात वाढावा तशी.

रात्री गॉल फेसच्या मैदानावर समुद्राकडे तोंड करून बसलो. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पुढच्या जयंतीक आपल्या तिठ्यार असां कायतरी करूक व्हया.’

१२ मे २०२५ च्या बुद्धपौर्णिमेला आम्ही ते केले. गावच्या तिठ्यावर मांडव घातला, कोकम सरबताचे दोन पिंप भरले. वाडीतल्या मुलांनी येणारीजाणारी प्रत्येक गाडी थांबवली. एसटीचे कंडक्टर प्यायले, पर्यटक प्यायले. गावातले काहीजण मात्र मान फिरवून गेले. दुपारी वरच्या वाडीतले बाबांच्या वयाचे एक गृहस्थ आले. थोडे घुटमळले. बाबांनी स्वतः पेला भरून पुढे केला. त्यांनी तो घेतला, रिकामा केला आणि म्हणाले, ‘आणि एक दी.’

बाबांनी दुसरा पेला काठोकाठ भरला.