जळलेल्या जागेवर

आग अर्ध्या मिनिटावर आलेली असताना एक माणूस पळायचा थांबतो, खिशातून आगकाडी काढतो आणि आपल्याच पुढ्यातलं गवत पेटवून देतो. मागून धापा टाकत येणाऱ्या पोरांना तो हात करून बोलावतो, इकडे या, या जळलेल्यात या. पोरं त्याच्याकडे बघतात आणि चढावरून पुढे निघून जातात.

ही गोष्ट ५ ऑगस्ट १९४९ ची. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात हेलेना शहराच्या उत्तरेला मिसुरी नदीकडे उतरणारी मॅन गल्च नावाची एक घळ आहे. आदल्या दिवशी तिथे वीज पडून वणवा लागला होता. तो विझवायला मिझुलाहून विमान निघालं आणि पंधरा तरुणांनी पॅराशूटनं खाली उड्या टाकल्या. जमिनीवर सोळावा भेटला, आधीपासून एकटाच आगीशी झगडत असलेला एक वनरक्षक. बहुतेक सगळे विशी-पंचविशीतले. एकाचा त्या दिवशी एकोणिसावा वाढदिवस. वायरलेसचं पॅराशूट उघडलंच नाही, त्यामुळे तो दगडांवर आपटून फुटला आणि बाहेरच्या जगाशी असलेला धागा तिथेच तुटला. तरी कुणाला फारशी काळजी वाटली नाही. आग घळीच्या दुसऱ्या अंगाला होती, छोटी होती. सकाळपर्यंत विझेल असा सगळ्यांचा हिशेब. ते नदीच्या दिशेनं उतरू लागले, कारण नदी म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे निर्धास्तपणा.

वाऱ्यानं ठिणग्या उचलून घळीच्या तोंडाशी, बरोबर त्यांच्या आणि नदीच्या मध्ये, नेऊन टाकल्या. त्यांचा प्रमुख वॅग्नर डॉज, वय तेहेतीस. त्यानं ते पाहिलं आणि सगळ्यांना मागे फिरवलं. आता वाट एकच, वर. काही मिनिटांनी त्यानं हातातली अवजारं टाकून द्यायला सांगितली. तोवर झाडं संपून वाळलेल्या उंच गवताचा उघडा उतार सुरू झाला होता.

चढ माणसाला दमवतो आणि आगीला बळ देतो. सपाटीवर ज्वाळा बऱ्याच अंशी सरळ वर जाते. उतारावर ती वरच्या गवताकडे झुकते, ते आधी तापवते, सुकवते, आणि मग नुसतं स्पर्शून पेटवते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा जाणकारांचा ठोकताळा आहे. तिथल्या चढावर ती तरणीताठी, लष्करासारखं कसून शिकवलेली मुलंही टिकणार नव्हती. रिचर्ड रॉदरमेल या आगीच्या अभ्यासकानं १९९३ साली मिनिटामिनिटाचं गणित मांडून या घटनेवर जो अहवाल लिहिला, त्याच्या शीर्षकातच जिंकता न येणारी शर्यत असे शब्द आहेत.

डॉजच्या हे धावता धावता ध्यानात आलं. आपण हरणार, मग शर्यतीतूनच बाहेर पडायचं. त्यानं पेटवलेलं गवत भराभर वरच्या बाजूला जळत गेलं आणि मागे काळी राख राहिली. पाण्याच्या बाटलीतून रुमाल भिजवून त्यानं तोंडावर धरला आणि त्या राखेत तो पालथा पडला. मोठी आग आली. जाळण्यासारखं तिथे काहीच उरलं नव्हतं, म्हणून ती दोन्ही अंगांनी निघून गेली. तापलेल्या वाऱ्याच्या झोतानं आपल्याला जमिनीवरून दोन-तीनदा उचललं, असं त्यानं पुढे चौकशीत सांगितलं. तो उठला तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. वनरक्षकाच्या मनगटावरचं घड्याळ पाच छप्पनला थांबलेलं सापडलं.

तेरा जण गेले. दोघे वाचले ते माथ्याजवळच्या कातळातल्या एका फटीतून पलीकडे निसटून, दगडांच्या घसाऱ्यावर. गवत नसलेल्या दगडांनी त्यांना वाचवलं. आणि डॉजला राखेनं.

मी हे सगळं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात एकच प्रश्न घर करून बसला: ती पोरं थांबली का नाहीत? उत्तर शोधत असताना मला मोंटानाच्या अहवालांपेक्षा महाभारतानं जास्त हात दिला. आदिपर्वात खांडववन जळतं तेव्हा जरिता नावाची पक्षीण चार पिल्लांसह अडकते. पिल्लांना पंख फुटलेले नाहीत. ती त्यांना म्हणते, झाडाखालच्या उंदराच्या बिळात शिरा, मी वरून माती लोटते, आग गेली की येऊन माती उकरते. किती शहाणा सल्ला! वीतभर मातीखाली वणव्याची धग जवळजवळ पोचत नाही, हे जंगलात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पण पिल्लं नाही म्हणतात. बिळात उंदीर असेल. आई सांगते, उंदराला ससाण्यानं माझ्या डोळ्यांदेखत उचलून नेलं. पिल्लं म्हणतात, तू पाहिलंस, आम्ही नाही पाहिलं. तोंडाशी आलेल्या आगीपेक्षा न पाहिलेल्या उंदराचं भय त्यांना मोठं वाटतं. आईला ती उडून जायला सांगतात आणि अग्नीची स्तुती करू लागतात. अग्नी प्रसन्न होतो, त्यांना सोडून पुढे जातो. महाभारतात असं घडतं.

ज्याला कळलं तो सांगतो, इथे शिर. ज्याला वाचायचं आहे त्याला मात्र तिथे मरणच दिसतं. या पेचात मी आईच्या बाजूनं उभी आहे, आणि तरी पिल्लांना मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मॅन गल्चच्या पोरांनी काय पाहिलं? मागे आग. पुढे माथा. आणि मधोमध आपला प्रमुख, स्वतः आग लावत उभा. वाचलेल्या दोघांपैकी एकानं पुढे सांगितलं की त्यांना वाटलं, याचं डोकं फिरलं.

आयडाहोमध्ये १९१० च्या ऑगस्टात महावणवा पेटला, तेव्हा एड पुलास्की या वनाधिकाऱ्यापुढे हाच पेच उभा राहिला होता. वॉलेस गावाजवळ चाळीसहून अधिक माणसं घेऊन तो खाणीच्या एका जुन्या बोगद्यात शिरला. आत धूर, अंधार, तोंडाशी पेटलेले लाकडी टेकू. माणसं बाहेर पळू लागली तशी त्यानं पिस्तूल काढलं आणि जो बाहेर जाईल त्याला गोळी घालीन असं बजावलं. मग बेशुद्ध पडेपर्यंत तोंडाशी ओली घोंगडी धरून उभा राहिला. आत काही जण दगावले, पण बहुतेक सगळे जिवंत बाहेर आले. डॉजकडे पिस्तूल नव्हतं. असतं तरी उपयोग झाला असता का, मला सांगता येत नाही. उघड्या उतारावर धावत्या माणसाला कोण अडवणार?

पाय ऐकत नाहीत म्हणजे काय, हे मला विदर्भातल्या एका जंगलात समजलं. तिथे उन्हाळ्याआधी जाळरेषा जाळतात. वणवा पुढे सरकू नये म्हणून रानातला एक पट्टा आधीच मुद्दाम जाळून ठेवायचा. संध्याकाळी वारा पडल्यावर काम सुरू झालं. पट्ट्याच्या दोन्ही कडांचा पाचोळा आधीच झाडून घेतलेला. हातात पळसाच्या ओल्या डहाळ्या घेऊन माणसं अंतराअंतरावर उभी. गवत पेटलं तसा तडतड आवाज सुरू झाला आणि कोरडी धग चेहऱ्यावर आली. मी मागे सरकून पिवळ्या गवतात उभी राहिले. एक वयस्कर वनमजूर टायरच्या चपला घालून शांतपणे पट्ट्याच्या जळलेल्या भागात जाऊन थांबला आणि म्हणाला, “ताई, तिथं पिवळ्यात नोका उभ्या राहू. इकडं काळ्यात या.”

त्याचं बरोबर होतं हे मला समजत होतं. आगीवर मी तेव्हाही वाचलेलं होतं. तरी धुमसणाऱ्या काळ्याकडे पाऊल उचलेना. अंगातला कण न् कण पिवळ्याकडे ओढत होता, कारण पिवळं अजून धड होतं. शेवटी गेले. बुटाच्या तळातून ऊब चढत होती. गवताचे काळे सड पायाखाली चुरचुर मोडत होते, आणि गव्याच्या वाळल्या शेणाचा एक पो आतून लालभडक होऊन निवांत जळत पडला होता. दोन-तीन पावलांवर आग होती आणि तिला माझ्यात काही रस नव्हता. ती फक्त न जळलेल्याच्या मागे होती.

तिथे मला घाई नव्हती. तो माणूस माझ्या ओळखीचा होता. दुपारी त्याच्या डब्यातली भाकर मी खाल्ली होती. मॅन गल्चच्या मुलांना यातलं काहीच मिळालं नाही. त्या वेळी उड्या मारणाऱ्यांच्या तुकड्या पाळीनं बनत. ज्याचा नंबर लागेल तो विमानात चढे. डॉजनं त्यातल्या बऱ्याच जणांबरोबर आधी कामच केलेलं नव्हतं. लेखक नॉर्मन मक्लेन यांनी म्हातारपणाची वर्षं या एका घळीमागे घालवली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९२ साली, त्यांचं पुस्तक निघालं, आणि त्यातही हा अनोळखीपणा ठसठसत राहतो. मला तर वाटतं, वाळलेलं गवत, चढ आणि वारा यांच्या जोडीला मृत्यूचं हे चौथं कारण लिहायला हवं. अशी आग लावायला कुठे शिकलात, असं डॉजला चौकशीत विचारलं गेलं. कुणी शिकवलं नव्हतं. त्याला ते तेवढ्यापुरतं बरोबर वाटलं, इतकंच. युरोपीय येण्याआधीपासून त्या माळरानांवरचे मूळनिवासी हेच करत आले होते, पण ते ज्ञान त्याच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

आज ते शिकवलं जातं. अडकलात तर जळलेली जागा शोधा; नाहीतर उघडा कातळ, नांगरलेलं रान, मुरमाचा पट्टा. पालथे पडा, पाय आगीकडे, तोंड मातीत, कारण जमिनीलगतच्या चार बोटांत हवा त्यातल्या त्यात थंड असते आणि वणव्यात माणूस पुष्कळदा कातडीच्या आधी श्वासानं जातो. रुमाल कोरडाच ठेवा असं हल्ली सांगतात. ओल्या कापडातून शिरलेली वाफ श्वासनलिका जास्त भाजते. अंगावर सुती किंवा लोकरी कपडे असावेत, नायलॉन वितळून चिकटतं. हे सगळं दहा मिनिटांत सांगून होतं.

११ मार्च २०१८ ला तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेले लोक वणव्यात सापडले. वीसहून जास्त जण गेले, त्यांत तरुण मुली बऱ्याच. तो डोंगर आपल्याच पश्चिम घाटाचा, आणि तसेच वाळल्या गवताचे चढ फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या प्रत्येक गडाखाली असतात. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून बसगाड्या निघतात. ग्रुपवर नाव नोंदवलेलं असतं, शेजारच्या सीटवर कोण आहे ते पहाटे पायथ्याला चहा पिताना कळतं. मॅन गल्चला निघालेल्या विमानातही याहून फार वेगळं नव्हतं. म्हणून अशा ट्रेकच्या लीडरांना माझं मनापासून सांगणं आहे: त्या चहाच्या वेळी सगळ्यांची नावं विचारा, तुमचं सांगा, मग वारा कुठून येतोय ते दाखवा. पायथ्याशी गावकऱ्यांनी आधीच जाळलेला एखादा काळा पट्टा हमखास असतो. चढायला लागण्याआधी सगळ्यांना त्यावर नेऊन पाच मिनिटं उभं करा.