पाहुण्याची साक्ष

संगणकाच्या धंद्यात एक जुनी शब्दजोडी चालत आली आहे: होस्ट आणि गेस्ट, म्हणजे यजमान आणि पाहुणा. एका खऱ्या यंत्राच्या पोटात निव्वळ सॉफ्टवेअरने दुसरी यंत्रे उभी करायची. खऱ्याला यजमान म्हणायचे आणि त्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला पाहुणा. आपल्या घरी येणाऱ्या पाहुण्याला आपण पाहुणे आहोत याचे भान असते. पाणी कुठे, पाट कुठला, हे तो विचारून घेतो. या पाहुण्याला ते भान नसते, आणि ते नसावे अशीच योजना असते. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी १९७४ साली व्हर्च्युअल मशीनच्या अटी काटेकोरपणे मांडल्या. त्यांतली पहिली अट अशी, की आत चालणाऱ्या प्रोग्रॅमचे वागणे खऱ्या यंत्रावर चालताना होईल तसेच व्हावे. मात्र त्यांनी दोन अपवाद मोकळेपणाने मान्य केले होते. एक वेळेचा आणि दुसरा साधनांच्या उपलब्धतेचा. घरातल्या सर्व्हरचे बिघाड शोधणाऱ्या माणसाने हे दोन अपवाद मनावर कोरून ठेवावेत असे मला वाटते. बहुतेक बिघाड याच दोन फटींतून आत येतात, आणि पाहुणा त्यांच्याबद्दल जे सांगतो ते खरे असूनही दिशाभूल करते.

घरचा सर्व्हर म्हणजे काय, तर कपाटाशेजारी किंवा पायऱ्यांखाली गुरगुरत बसलेली एक पेटी. तिच्यात चार हार्ड डिस्क, एक बेताचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि लिनक्स. तिचे मूळ काम कोठाराचे. लग्नातले फोटो, आजोबांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, सातबाऱ्याचे आणि शाळेच्या दाखल्यांचे स्कॅन, मुलांचे चालायला लागल्याचे व्हिडिओ, असे सगळे तिच्या पोटात जाते. मग ध्यानात येते की प्रोसेसर दिवसभर रिकामाच बसतो. २००७ साली केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आले तेव्हापासून साध्या यंत्रावरही व्हर्च्युअल मशीन चालवणे सोपे झाले आहे. त्यामुळे कोठाराच्या वर माडी चढते. घरातले दिवे सांभाळणारे एक व्हर्च्युअल मशीन, कॅलेंडर आणि डेटाबेस ठेवणारे दुसरे, नवे काही शिकायला घेतलेले तिसरे. कोठाराचा गुण असा, की त्यात ठेवलेले वर्षानुवर्षे हलू नये. माडीवरच्यांचा गुण याच्या उलट. ते सारखे लिहितात, खोडतात, उठतात, बसतात, आणि बिघडले तर पुसून नवे उभे करता येतात. हे दोन स्वभाव एकाच रॅमवर आणि त्याच चार डिस्कांवर नांदवायचे असतात.

बिघाड सुरू होतो तो माडीवर. दिव्यांचे व्हर्च्युअल मशीन मध्येच गोठते. त्याच्या लॉगमध्ये नोंद सापडते की अमुक एक काम १२० सेकंदांहून अधिक काळ अडकून पडले. कधी त्याची फाइल सिस्टीम स्वतःला फक्त वाचनापुरती करून घेते, कारण तिला डिस्कवर लिहिता येईना. घरचा माणूस ही साक्ष वाचतो आणि साहजिकच पाहुण्यावरच उपचार करतो. अपडेट करतो, नव्याने इन्स्टॉल करतो, तरी पंधरा दिवसांनी दुखणे परत येते. पाहुणा खोटे बोललेला नसतो. त्याची डिस्क १२० सेकंद गप्प होती हे अक्षरशः खरे असते. पण त्याची डिस्क ही डिस्कच नसते. ती असते कोठारातली एक लांबलचक फाइल, आणि त्या फाइलच्या खाली चार खऱ्या तबकड्या फिरत असतात, ज्यांचे अस्तित्वच त्याला माहीत नसते. म्हणून त्याची साक्ष लक्षणापुरती घ्यावी आणि कारण विचारायला खाली उतरावे.

खाली उतरल्यावर आधी वेळेची फट पाहावी. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. हव्या त्या जागेची वाट पाहण्यात सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडे अधिक जातात, वर मुंडी सरकण्याचा वेळ वेगळा. इकडेतिकडे विखुरलेली कामे दिली तर अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच उरकते. फोटो साठवायला हे भरपूर आहे, चार पाहुण्यांच्या डेटाबेसना नाही. त्यात साध्या डिस्कचा एक हट्टी स्वभाव असतो. एखादा तुकडा वाचता आला नाही तर ती हार मानत नाही, पुन्हापुन्हा प्रयत्न करते, आणि तोवर बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवते. अनेक डिस्कांच्या संचात वापरायला बनवलेल्या डिस्का बहुधा ७ सेकंदांनी हात टेकतात, कारण तो तुकडा दुसरी डिस्क देऊ शकते हे त्यांच्या बनावटीत गृहीत असते. एकट्या संगणकासाठी बनवलेली डिस्क मात्र स्वतःला शेवटचा आधार समजते. तिचा तो हट्ट वर पाहुण्याच्या लॉगमध्ये उमटतो, पण तिचे नाव तिथे कुठेच नसते. सरळ मेलेली डिस्क संचाबाहेर काढली जाते आणि काम चालू राहते. अर्धवट आजारी डिस्क मात्र साऱ्या घराला आपल्या चालीने चालायला लावते, आणि शोधायला तीच अवघड.

साधनांची फट रॅममध्ये असते. अशा घरगुती कोठारांत झेडएफएस ही फाइल सिस्टीम पुष्कळदा असते. ती वाचलेले तुकडे रॅममध्ये धरून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी डिस्कपर्यंत जावे लागत नाही. लिनक्सवर तिची धरून ठेवण्याची कमाल मर्यादा कित्येक वर्षे निम्म्या रॅमची होती. अलीकडच्या आवृत्तीत ती आणखी सैल केली आहे. आता १६ जीबीचा हिशोब मांडून पाहा. ८ जीबी कोठाराने धरले, ४-४ जीबी दोन पाहुण्यांना दिले, आणि खुद्द यजमानाच्या ताटात काही उरले नाही. कोठार मागितल्यावर रॅम सोडते, पण लगेच सोडेलच असे नाही. मध्येच कोणी अचानक जास्त मागितले तर लिनक्सचा गाभा कोणाला तरी बळी देऊन जागा करतो, आणि निवडताना मुख्यतः कोणी किती रॅम व्यापली हे बघतो. सर्वांत मोठा तुकडा सहसा व्हर्च्युअल मशीनचा असतो. पाहुणा मध्यरात्री नाहीसा होतो, आणि त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये शेवटची ओळ अगदी शांत असते, कारण त्याला काही लिहायला वेळच मिळालेला नसतो. हे प्रकरण फक्त यजमानाच्या लॉगमध्ये कळते. उपाय सोपा आहे: कोठाराला मर्यादा घालून द्यावी आणि पाहुण्यांना झेपेल तेवढेच बोलवावे. पण त्या उपायापर्यंत पोचायला प्रश्न योग्य जागी विचारावा लागतो.

साक्षींवर इतका संशय घेणे कठोर वाटेल. मला तो मायेचाच भाग वाटतो, आणि झेडएफएसच्या रचनेतही तो दिसतो. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी ती घडवली. २००५ साली तिचा कोड खुला झाला. तिच्यात प्रत्येक तुकड्याचा चेकसम, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला पडताळा, त्या तुकड्याजवळ ठेवलेला नसतो. त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या तुकड्यात तो असतो. यामागचे कारण मोठे मार्मिक आहे. डिस्क कधी कधी ‘लिहिले’ म्हणते आणि लिहीत नाही. पडताळा शेजारीच असता, तर जुना मजकूर आणि जुना पडताळा एकमेकांशी जुळले असते आणि चोरी उघडकीस आली नसती. ही भीती काल्पनिक नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख ३० हजार डिस्कांवर ४१ महिने नजर ठेवली होती. त्यांत पडताळा न जुळल्याच्या ४ लाखांहून अधिक घटना सापडल्या. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्यावरही विसंबता येत नाही. गूगलने २००७ साली आपल्या लाखाहून अधिक डिस्कांचा हिशोब मांडला, तेव्हा निकामी झालेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी चार मुख्य धोक्याच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. कणगीतल्या ज्वारीचेही असेच. वरून दाणा टपोरा दिसतो, आणि तळाशी कीड लागलेली असते. म्हणून तर पावसाळ्याआधी धान्य उपसून त्याला ऊन दाखवायचे. झेडएफएसमध्ये हे काम स्क्रब करते; साठवलेला प्रत्येक तुकडा वाचून पडताळ्याशी लावून बघते. डेबियन लिनक्समध्ये ते ठरल्याप्रमाणे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, रात्री १२ वाजून २४ मिनिटांनी सुरू होते. आणि माडीवरचे व्हर्च्युअल मशीन नेमके त्याच रात्री मंदावत असेल, तर तिथे बिघाड नाहीच. खाली ऊन दाखवणे चालू आहे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, रीस्टार्ट केले की चालते ना. चालते, हे खरे. पण गाभ्याचा लॉग रॅममधल्या ठरावीक जागेत लिहिला जातो, आणि तो डिस्कवर उतरवून ठेवण्याची सोय आधी केलेली नसेल तर रीस्टार्टबरोबर पुसला जातो. पंचनाम्याआधी फरशी धुऊन काढण्यासारखे ते आहे. आधी लॉगची प्रत घ्यावी, डिस्कच्या नोंदीतले आकडे तारखेनिशी वहीत लिहावेत, आणि मग खुशाल रीस्टार्ट करावे. वही लागतेच, कारण काही आकडे एकटे असताना काहीच सांगत नाहीत. केबलवरच्या चुका मोजणारा १९९ क्रमांकाचा आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही. आज ४१ असेल आणि महिन्याने ४१च राहिला तर नवी केबल ठीक आहे; ६० झाला तर दुखणे अजून तिथेच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हेही याच वहीसाठी. केबल, रॅम आणि मर्यादा एकाच संध्याकाळी बदलणाऱ्याचा सर्व्हर कदाचित बरा होतो, पण कशाने ते त्याला कधीच कळत नाही.

याहून घातक मोह वेगाचा आहे. पाहुण्याचा डेटाबेस ‘हे नक्की लिहून झाले का’ असे विचारून उत्तराची वाट पाहतो, आणि फिरत्या तबकड्यांवर ती वाट लांबते. झेडएफएसला एका ओळीत सांगता येते की असे विचारल्यास लगेच ‘हो’ म्हण. सगळे एकदम पळू लागते. पण ते ‘हो’ खोटे असते. मजकूर अजून रॅममध्येच असतो, आणि डिस्कवर उतरायला एरवी ५ सेकंदांपर्यंत लागतात. वळवाच्या संध्याकाळी वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी असली, तर कोठार स्वतः शाबूत राहते, पण पाहुण्याला दिलेला शब्द मोडलेला असतो. पाहुण्याचे भान आपणच काढून घेतले आहे. निदान त्याला दिलेले उत्तर तरी खरे असावे. वेग हवा तर व्हर्च्युअल मशीनसाठी वेगळ्या एसएसडीची जोडी लावावी, शक्यतो वीज गेल्यावरही हातातले लिहून पुरे करणारी.

कोठार आणि माडी वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवावी, हा आक्षेप मला पुष्कळसा पटतो. रॅमचे भांडण त्याने मिटते. पण मग पाहुण्यांच्या फाइली कोठारातच राहिल्या तर मध्ये नेटवर्क येते, आणि साक्षीदारांत स्विच आणि केबलची भर पडते. शिवाय ४० वॅटची आणखी एक पेटी अहोरात्र चालली तर वर्षाला साधारण ३५० युनिट वीज खाते. प्रत्येक घराला ते परवडेल असे नाही. सगळेच एखाद्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवावे, असे म्हणणाऱ्यांची सोय मी समजू शकतो, पण २००८च्या अभ्यासातल्या डिस्काही घरगुती नव्हत्या. तिथे संशय घेण्याचे काम दुसरा कोणी करतो, आणि त्याची वही आपल्याला दिसत नाही.

सगळ्यांत खोल आक्षेप असा, की हा संशय थांबायचा कुठे? चेकसम तरी रॅममध्येच काढला जातो. त्याआधीच रॅममधला एक बिट उलटला, तर चुकीच्या मजकुरावर बिनचूक शिक्का बसतो. गूगलच्या सर्व्हरांवरच्या २००९च्या अभ्यासात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत रॅमची निदान एक दुरुस्त झालेली चूक नोंदली गेली होती, आणि घरच्या पेटीत बहुधा ती दुरुस्त करणारी रॅमही नसते. याला पुरते उत्तर त्या पेटीच्या आत मिळत नाही. ते बाहेर असते: भावाच्या घरी ठेवलेली एक डिस्क, तिच्यावरची प्रत, आणि त्या प्रतीतून सहा महिन्यांनी एखादा अल्बम खरोखर परत काढून डोळ्यांनी पाहणे. चार डिस्कांचा संच ही ती प्रत नव्हे. चुकून पुसलेला फोटो चारही डिस्कांवरून एकदमच पुसला जातो. स्क्रब निर्विघ्न पार पडल्यावर झेडएफएस जी ओळ दाखवते तिच्यातही ‘चूक नाही’ असे म्हटलेले नसते. ‘ज्ञात चूक नाही’ एवढेच म्हटलेले असते. ती ओळ लिहिणाऱ्याला आपल्या हत्याराची मर्यादा नीट माहीत होती.

आणि शेवटी खरोखरच एखादी डिस्क बदलायची वेळ येते. पडद्यावर एक अनुक्रमांक दिसतो, आणि पेटी उघडल्यावर चार सारख्या काळ्या डिस्का, त्यांचे क्रमांक आतल्या बाजूला. एका डिस्कची उणीव सोसेल अशा संचातून आजारी सोडून निरोगी डिस्क ओढली गेली, तर उरलेले धान्यही हाती लागणार नाही. म्हणून पेटी जोडतानाच, काही बिघडलेले नसताना, प्रत्येक डिस्कच्या पुढच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवावी, तिच्यावर क्रमांकाची शेवटची चार अक्षरे ठळक लिहावीत, आणि पडद्यावरच्या यादीशी एकदा बोट ठेवून ताडून पाहावीत.